खिडकीला पाच गुण

माझ्या खिडकीला जावयांनी शंभरपैकी पाच गुण दिले.

रविवारची दुपार होती. लेकीच्या घरी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडा ठेवलेला आणि आम्ही चौघं त्याच्याभोवती बसलेलो. राजधानीत तीन दिवस कुठे उतरायचं, एवढंच ठरवायचं होतं. पण आमचे जावई शाळेत गणित शिकवतात. त्यांनी नऊ हॉटेलांची गुणपत्रिकाच करून आणली होती. स्वच्छतेला वीस गुण, स्टेशनपासूनच्या अंतराला पंधरा, लिफ्टला दहा, न्याहारीला सात.

"आणि खिडकीला पाच?" मी विचारलं.

"पाच कमी नाहीत, आई. पार्किंगला दोनच आहेत."

"आपल्याकडे गाडी कुठे आहे?"

"म्हणूनच दोन दिले."

आता या माणसाशी काय बोलणार? मी लेकीकडे पाहिलं. ती म्हणाली, "आई, तू मध्ये मध्ये बोलू नकोस गं, तो विसरतो." म्हणजे फिरायला जायचं माझ्यासाठी, आणि मध्ये बोलणारीही मीच.

सांगते, हे सगळं कुठून सुरू झालं. मी बत्तीस वर्षं सरकारी इस्पितळाच्या धुलाईखान्यात होते. धुलाईखाना तळघरात. चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे कपडे, सगळं वरून एका भोकातून धपकन खाली यायचं आणि धुऊन, इस्त्री होऊन गाड्यांवरून वर जायचं. बाहेर ऊन आहे की अंधारून आलंय, ते आम्हाला वरून येणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे बघून कळायचं. घरी यावं तर घर तळमजल्यावर, आणि खिडकीसमोर चार हातांवर शेजारच्या इमारतीची भिंत. त्या भिंतीवरून एक पाइप खाली येतो. त्याला कुठे कुठे गंज चढलाय, ते मी डोळे मिटून सांगेन.

धुलाईखान्यात साबण पुरवणाऱ्या कंपनीनं एका वर्षी कॅलेंडर दिलं होतं. त्यावर राजधानीतल्या जुन्या चौकाचं चित्र होतं, कुणीतरी उंचावरच्या खिडकीतून काढलेलं. दगडी फरसबंदी, मधे कारंजं, आणि मुंगीएवढी माणसं इकडून तिकडे जाताना. वर्ष संपलं तरी ते कॅलेंडर कुणी उतरवलं नाही. मी निवृत्त झाले तेव्हाही ते तिथेच होतं.

निवृत्तीच्या दिवशी लेकीनं विचारलं, "आई, तुला काय पाहिजे सांग. बाबा आणि आम्ही मिळून देणार."

माझं मागणं एका वाक्याचं होतं. राजधानीत त्या चौकाकडे उघडणारी खिडकी, वरच्या मजल्यावर, आणि खिडकीशी एक खुर्ची.

"चौकात तर आपण जाऊच की. मग खोली कुठेही असली तरी काय बिघडलं?"

"चौकात जाऊन उभंच राहावं लागेल ना? माझ्या गुडघ्यांचं उभं राहणं संपलंय. मला बसून बघायचंय. वरून."

"एवढंच?" लेक म्हणाली.

"एवढंच."

तिथेच माझं चुकलं. मागणं लहान असलं की सगळ्यांना वाटतं, ते आपोआप होऊन जाईल. मी हत्ती मागितला असता तर निदान हत्तीची चौकशी तरी झाली असती.

राजधानीत राहायच्या जागा किती असाव्यात? जुन्या शहरात तटाच्या आत लहान लहान हॉटेलं, नदीपलीकडे नव्या शहरात काचेची उंच हॉटेलं, स्टेशनाजवळ स्वस्त लॉज, आणि शिवाय लोक आपल्या घरातली खोलीही देतात म्हणे. लेकीला तटाच्या आत राहायचं होतं, पण शांतता पाहिजे होती. जावयांना स्टेशन जवळ पाहिजे होतं, कारण स्टेशन जवळ असलं की दिवसाची चाळीस मिनिटं वाचतात, असं त्यांनी काढलं होतं. त्या चाळीस मिनिटांचं काय करायचं, ते मात्र गुणपत्रिकेत नव्हतं.

आणि मग आमचे हे.

आमचे हे लिफ्ट दुरुस्त करायचे. सदतीस वर्षं. सगळं गाव यांना मिस्त्री म्हणतं, मीही म्हणते. हे कुणाच्याही घरी गेले की आधी लिफ्टचं दार उघडून वर अंधारात मान घालतात, कान लावतात, आणि मगच आत पाय ठेवतात. पाहुणे दारात हार घेऊन उभे असले तरी. कुणी आजारी आहे म्हणून भेटायला गेलो, तर आजाऱ्याच्या आधी लिफ्टची तब्येत विचारून झालेली असते.

मिस्त्रींनी चष्मा चढवला आणि लॅपटॉप आपल्याकडे ओढला.

"लिफ्टचा फोटो कुठाय?"

"बाबा, हॉटेलवाले लिफ्टचा फोटो टाकत नाहीत."

"का टाकत नाहीत? बाथरूमचे सहा फोटो टाकलेत. लिफ्टचा एक टाकायला काय होतं? लपवण्यासारखं असेल म्हणूनच ना?"

"लिफ्ट आहे असं लिहिलंय ना. दहापैकी दहा गुण दिलेत मी," जावई म्हणाले.

"आहे म्हणून दहा?" मिस्त्रींचा चेहरा असा झाला, की जावयांनी जणू नापास पोराला पहिला नंबर दिला. "आहे म्हणजे चालते का? चालते म्हणजे थांबते का? थांबते म्हणजे जमिनीच्या पातळीला थांबते का? हिचे गुडघे बघा. दोन बोटं वर थांबली तरी ही अडखळेल."

गुडघे माझे, पण त्यांचा उपयोग सगळे जण आपापल्या कामाला करत होते.

मिस्त्रींचा एक जुना जोडीदार राजधानीत आहे. त्याला सगळे जाड्या म्हणतात. आता तो अर्ध्या शहराच्या लिफ्टांवर देखरेख करतो. मिस्त्रींनी त्याला फोन लावला, स्पीकरवर टाकला, आणि नऊच्या नऊ हॉटेलांची यादी वाचायला घेतली.

"पहिलं? त्याचा दोर बदलून घ्या म्हणून मी दोनदा लिहून दिलंय," जाड्या म्हणाला.

"दुसरं?"

"बरं आहे. पण दार फार तापट. एका बाईची पर्स धरून ठेवली होती."

"तिसरं?"

"अरे देवा."

"अरे देवा म्हणजे काय? नीट सांग."

"म्हणजे तिथे मी स्वतः तीन तास अडकलो होतो. माझ्याच कंपनीची लिफ्ट आणि माझाच फोन लागेना."

"चौथं?"

"चौथ्यात लिफ्टच नाही. त्यामुळे सगळ्यांत सुरक्षित."

दोघं फोनवर इतके हसले की मिस्त्रींना ठसका लागला. मी पाणी आणून दिलं. तेवढ्यात मी विचारून घेतलं, "भाऊजी, यातल्या कुठल्या हॉटेलातून चौक दिसतो?"

"वहिनी, मी लिफ्टच्या अंधाऱ्या शाफ्टात असतो," जाड्या म्हणाला. "मला चौक कसला दिसतोय?"

असे पाच रविवार गेले. दर रविवारी एखादं हॉटेल भरून जायचं आणि जावई लाल शाईनं ते खोडायचे. लेक लोकांनी लिहिलेले अभिप्राय मोठ्यानं वाचायची. एकानं लिहिलेलं, खोली शांत आहे. त्याच खोलीबद्दल दुसऱ्यानं लिहिलेलं, पहाटे घंटा वाजतात, झोपेचं खोबरं झालं. एकीनं न्याहारीला अंडं थंड होतं म्हणून पाचपैकी एक तारा दिला होता. थंड अंड्यासाठी अख्खं हॉटेल बुडवलं बाईनं. लेक वाचायची, डोक्याला हात लावायची, आणि "हे नको" म्हणायची.

मी फोटोंमधल्या चादरी बघायचे. सवयच ती. चादर पांढरी दिसते की पांढरी आहे, ते मला कडेवरून कळतं. पण त्यांना सगळ्यांना काही ना काही नको होतंच. आणखी मी चादरीचं काढलं असतं, तर आम्ही आजतागायत त्याच टेबलाशी बसलो असतो. म्हणून चादरीचं मी सोडून दिलं. एक खिडकी सोडली नाही.

सहाव्या रविवारी यादीत दोनच नावं राहिली. मी टेबलावर थाप मारली. चहाचे कप नाचले.

"सातव्या नंबरचं. आत्ता. माझ्यासमोर."

"आई, पण त्याला एक्याऐंशीच गुण आहेत, आणि नवव्याला..."

"चौकाकडची खिडकी आहे का?"

जावयांनी रकान्यावर बोट ठेवलं. "हो."

"लिफ्ट आहे?"

"हो."

"मग पुरे."

चूक माझीही आहे, ते आधीच सांगते. मला वाचायला वेळ लागतो, पण त्यामुळे मी एक अक्षर गाळत नाही. सातव्याबद्दल कुणीतरी लिहिलं होतं, "जिना जीव घेतो, पण वर गेल्यावर सगळं विसरायला होतं." मी ते दोनदा वाचलं. मनात म्हटलं, लिफ्ट असताना जिन्यानं गेला असेल कुणी हौशी माणूस. आणि पान पुढे सरकवलं.

खोली नोंदवायच्या आधी मिस्त्रींनी हट्टानं स्वतः हॉटेलला फोन केला. मी स्वयंपाकघरात भांडी पुसत होते. मला इकडचंच ऐकू येत होतं.

"शेवटची तपासणी कधी झाली?... महिना सांगा, महिना... वीज गेली तर?... जनरेटरवर येते, पण किती सेकंदांत?... तसं नाही, बाईसाहेब, आमच्या मंडळींचे गुडघे गेलेत... हो, दोन्ही... नाही, चालते ती, पण पातळीत फरक पडला तर... दार किती वेळ उघडं राहतं?... तुम्ही जरा दार उघडून मोजता का? मी थांबतो."

आणि खरंच थांबले. तिकडे ती बिचारी उठून लिफ्टपाशी गेली असणार. अठरा मिनिटं हा प्रकार चालला. शेवटी मिस्त्री समाधानानं म्हणाले, "उत्तम. एक नंबर लिफ्ट आहे. त्या मुलीनं सगळं लिहून घेतलं."

"खिडकीचं सांगितलंत?"

"अगं, ते फॉर्मवर आहेच."

मे महिन्यात आम्ही गेलो. हॉटेल खरंच चौकाच्या तोंडाशी होतं. टॅक्सीतून उतरताना मला कारंज्याचा वरचा भाग दिसला. पण मी वळून पाहिलं नाही. म्हटलं, आता खालून नको. वरूनच.

काउंटरवर ती फोनवरची मुलगी होती. मिस्त्रींचं नाव ऐकताच तिचा चेहरा उजळला.

"काका, तुम्हीच ना ते! काकू, या, बसा आधी. तुमची सगळी सोय करून ठेवलीये मी. तुम्हाला लिफ्टची इतकी धास्ती आहे ना, म्हणून लिफ्टचा संबंधच ठेवला नाही. तळमजल्यावरची खोली दिलीये. एक पायरी नाही. मागच्या बाजूला, एकदम शांत. ताईंची खोली लिफ्टनं दुसऱ्या मजल्यावर."

तिनं दार उघडून दाखवलं. खोली स्वच्छ होती. मी पडदा सारला. समोर चार हातांवर भिंत. भिंतीला पाइप. पाइपाच्या शेजारी जाळी, आणि जाळीतून भसाभसा गरम वाफ येत होती. वास माझ्या ओळखीचा होता.

"हा धुलाईखाना आहे," मी म्हटलं. "आणि क्लोरीन जास्त पडलंय."

"अय्या, तुम्हाला कसं कळलं?" मुलगी म्हणाली.

मी खाटेवर बसले. राग यावा तर कुणाचा, तेच कळेना. ती पोर तर इतक्या मायेनं उभी होती. मिस्त्री मान खाली घालून बुटाच्या टोकाकडे बघत होते. जावयांनी पिशवीतून गुणपत्रिका काढली. ती ते सोबत घेऊन आले होते.

"पण इथे चौकाकडची खिडकी, हो. लिफ्ट, हो. दोन्ही रकान्यांत हो आहे."

"दोन्ही आहेच की," मुलगी म्हणाली. "चौकाकडे खिडक्या आहेत त्या पुढच्या इमारतीला. ती जुनी. तिला लिफ्ट बसवायला परवानगीच नाही. लिफ्ट आहे ती ह्या मागच्या इमारतीला."

जावई बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. त्यांच्या नोकरीत असं कधी झालं नसावं, की प्रत्येक उत्तर बरोबर आणि गणित चूक.

"एका इमारतीतलं असायला पाहिजे, असा रकाना कुणी केला होता का?" मी विचारलं.

"आई..." लेक म्हणाली.

"नाही ना? पार्किंगचा केला होता."

मुलीनं कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. शहरात कसलंसं अधिवेशन होतं, सगळं भरलेलं. पुढच्या इमारतीत एकच खोली रिकामी होती, ती चौथ्या मजल्यावर छपराखाली. "पण ती तुम्हाला देताच येणार नाही, काकू. अडुसष्ट पायऱ्या आहेत. तरुण माणसंसुद्धा वर जाऊन आम्हाला शिव्या देतात."

"खिडकी कुठे उघडते?"

"चौकाकडे. पण काकू..."

"चावी दे."

मग जो गोंधळ झाला तो विचारू नका. लेक म्हणाली, आई, वेड लागलंय का तुला, डॉक्टरांनी काय सांगितलंय? जावई म्हणाले, दिवसातून निदान दोनदा उतरावं लागेल, म्हणजे तीन दिवसांत चारशे आठ पायऱ्या चढायच्या आणि तेवढ्याच उतरायच्या. मी म्हटलं, मी एकदाच चढणार आणि एकदाच उतरणार, तुमचा हिशेब वाचला. त्यांना वाटलं मी चिडून बोलतेय. चिडून तर बोलतच होते, पण खरं बोलत होते.

आता मिस्त्री उठले, दोन्ही पिशव्या उचलल्या आणि मला म्हणाले, "चल."

"बाबा, तुम्ही तरी!"

"तिला चढायचंय तर चढू दे. चढवण्याचं मी बघतो."

जिना दगडी होता आणि पायऱ्या मधोमध झिजून वाटीसारख्या झालेल्या. पहिल्या चार पायऱ्या मी रागाच्या भरात चढले. पाचवीवर गुडघ्यानं आवाज दिला.

"थांब," मागून मिस्त्री म्हणाले. "असं नाही चढायचं. मधे पाऊल टाकू नकोस, भिंतीकडून टाक, तिथे झीज कमी आहे. आधी चांगला पाय. दुखरा मागून घे. आणि धाप लागायच्या आधी थांबायचं, लागल्यावर नाही."

"तुम्हाला काय माहीत जिन्याचं? जन्मभर लिफ्टमधून फिरलात."

"लिफ्ट चालू असती तर मला बोलावलं कशाला असतं?" ते म्हणाले. "बंद पडली की सगळे खाली उभे राहतात. मशीनची खोली वर गच्चीत. चौदा चौदा मजले चढलोय मी, खांद्यावर अवजारं घेऊन. लिफ्टवाल्याइतके जिने कुणी चढत नाही."

छत्तीस वर्षांच्या संसारात हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, हे बटण दाबून वर जातात आणि संध्याकाळी दमल्याचं सोंग करतात.

पहिल्या मजल्याच्या वळणावर मी पायरीवरच बसले. मिस्त्रीही बसले. बाजूनं एक जोडपं उतरत होतं, त्यांनी आमच्याकडे दयेनं पाहिलं.

"मी उगाच त्या पोरीला लिफ्टचं इतकं विचारलं," मिस्त्री म्हणाले.

"उगाचच."

"तुझ्यासाठीच विचारत होतो."

"माझ्यासाठी खिडकीचं विचारायचं होतं. एक वाक्य होतं माझं. एक वाक्य तुम्हा तिघांना सहा रविवारांत ऐकू आलं नाही."

ते उठले, पिशव्या उचलल्या. म्हणाले, "उठ. गार पडलीस तर गुडघा धरेल."

दुसऱ्या मजल्यावर मी त्यांना बोलले. तिसऱ्या मजल्यावर बोलायला दम नव्हता, म्हणून नुसतं बघितलं. तिसऱ्याच्या पुढे जिना अरुंद झाला आणि मला हात टेकत, जवळजवळ रांगत जावं लागलं. मिस्त्री मागून "चांगला, दुखरा, चांगला, दुखरा" असं म्हणत राहिले. त्या सुरात मला रडूही येत होतं आणि हसूही. पाऊण तास लागला आम्हाला.

खोली म्हणजे एक खाट, एक कपाट, एक खुर्ची आणि उतरतं छप्पर. मिस्त्रींचं डोकं लगेच आपटलं. मी तशीच खुर्चीत बसले आणि खिडकीची दारं ढकलली.

चौक होता.

चित्रापेक्षा लहान होता, आणि त्यात आवाज होता. चित्रात आवाज नसतो, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. कपबशांचा, चाकांच्या बॅगा दगडांवरून ओढल्याचा, कुणीतरी कुणालातरी हाका मारतंय त्याचा. वरून माणसांची डोकीच दिसत होती. समोरून तोऱ्यात चालणाऱ्या माणसाला मागून टक्कल आहे, हे त्याला स्वतःलाही माहीत नसेल. मला माहीत होतं. मिस्त्रींनी माझे बूट काढले आणि गुडघ्यांखाली उशी सारली.

त्यानंतर मी खाली उतरले नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाण्याची गाडी येऊन अख्खा चौक धुऊन गेली. एक माणूस एकेक खुर्ची मांडायचा, लांब जाऊन बघायचा, परत येऊन बोटभर सरकवायचा. एक शिपाई कारंज्याच्या आडोशाला जाऊन घाईघाईनं काहीतरी खायचा आणि तोंड पुसून पुन्हा कडक उभा राहायचा. जेवण मिस्त्री खालून आणत. प्रत्येक खेपेला वर आले की मला सांगत, कुठल्या संग्रहालयाची लिफ्ट कशी आहे. मी "हं" म्हणायचे आणि बघत राहायचे.

लेकीला हे सहन होईना. ती त्या दिवशी दोनदा वर आली. पहिल्यांदा समजावलं, दुसऱ्यांदा गुडघ्याचं मलम आणलं आणि त्यासोबत रागावली. तिसऱ्या दिवशी सकाळी दार उघडून तशीच कमरेवर हात ठेवून उभी राहिली. अडुसष्ट पायऱ्यांनी तिचा चेहरा लाल झाला होता.

"आई, आज राजवाडा आहे. चार जणांची नोंदणी करून ठेवलीये. तो पुढे रांगेत जाऊन उभा राहिलाय. तुला दोन माणसं उचलून खाली नेतील, मी हॉटेलात सांगितलंय."

"मला उचलून नेणार? चादरींच्या गाठोड्यासारखं?"

"मग काय करू? तू राजधानीत येऊन खोलीत बसलीयेस! लोकांना काय सांगू? आईनं राजवाडा बघितला नाही, नदी बघितली नाही, बाजार बघितला नाही, तीन दिवस खुर्चीत बसली?"

"हो. तेच सांग."

"आम्ही सहा महिने हे सगळं तुझ्यासाठी केलं गं." मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. राजवाडा बघायचा नाही असं नव्हतं. पण आता उतरले तर परत चढणं व्हायचं नाही, हे मला माझ्या गुडघ्यांनी नीट सांगितलं होतं. एकच काहीतरी मिळणार होतं.

"मी सहा महिने एकच गोष्ट मागत होते," मी म्हटलं. "मिळालीये. आता ती तुम्ही मला जरा वापरू द्याल का?"

मिस्त्री खाटेवर पाय दाबत बसले होते. मग मी खुर्चीतून उठले. कष्टानंच उठले. "बैस," मी तिला म्हटलं.

"मला नाही बसायचं. उशीर होतोय."

"पाच मिनिटं बैस."

ती बसली. हातांची घडी घालून, रागानं, खिडकीबाहेर बघत. मी तिच्या मागे खाटेच्या कडेला टेकले. बराच वेळ तिची पाठ ताठ होती. मग ती थोडी पुढे वाकली.

"आई, तो बघ."

"कोण?"

"अगं, हा! तो काय निळी टोपी. एवढासा दिसतो गं इथून."

जावई होते. कारंज्याच्या डाव्या बाजूला लांबलचक रांग होती, तिच्या मधोमध, हातात तिकिटांचे कागद धरून, शहाण्या मुलासारखे. मागच्या माणसाला काहीतरी समजावून सांगत होते. बहुतेक रांगेचा वेग काढला असणार.

मिस्त्री उठले आणि छपराला डोकं आपटून आमच्यामध्ये घुसले. "सरका जरा. कुठाय?" त्यांनी डोळे बारीक केले. रांगेच्या शेपटापासून तोंडापर्यंत त्यांचं बोट हवेतून सरकत गेलं. "अगं, पण राजवाड्याचं दार तर उजव्या अंगाला आहे. ही रांग तिकडे जातच नाहीये."

आम्ही तिघांनी पाहिलं. खरंच, रांग कारंज्याला वळसा घालून कमानीखालून गेली होती आणि तिच्या तोंडाशी दोन दारं होती, एका दारावर बाईचं चित्र, दुसऱ्यावर पुरुषाचं. माणसं एकेक करून आत जात होती आणि हात झटकत बाहेर येत होती.

लेकीनं तोंडावर हात ठेवला. तिचे खांदे हलायला लागले. "पाऊण तास झाला त्याला उभं राहून," ती कशीबशी म्हणाली. "मला मेसेज केलाय, रांग छान सरकतेय म्हणून."

"फोन कर त्याला," मिस्त्री म्हणाले.

लेकीनं फोन हातात घेतला. खाली निळी टोपी एक पाऊल पुढे सरकली.

"थांब गं," मी म्हटलं. "जरा पुढे जाऊ दे त्यांना."